चाकाची खुर्ची आणि तीन पायऱ्या



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आपल्याच नगरीतील एका कार्याचे स्मरण उचित ठरेल. नसीमा हुरजूक यांना तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखाली पक्षाघात झाला. स्वतः अपंग असलेल्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने त्यांना जगण्याची उमेद दिली. पुढे त्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. उचगावचे 'घरौंदा' वसतिगृह आज सर्वपरिचित आहे. त्यांच्या आत्मकथनाचे नावच 'चाकाची खुर्ची' आहे.

साधन माणसाच्या जीवनपद्धतीशी जुळले पाहिजे, हे जयपूरने दाखविले. परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय बुटाविना चालत नसे. मांडी घालून बसणाऱ्या आणि देवळात अनवाणी जाणाऱ्या माणसाला तो काय कामाचा? १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा जयपूर फूट सिद्ध केला. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, १९७५ साली, श्री. डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापून तो विनामूल्य गरजूंपर्यंत नेला. अनेक ठिकाणच्या शिबिरांना आपल्या समाजाने उदार हस्ते देणग्या दिल्या. ते योग्यच झाले.

परंतु खुर्ची दान करून छायाचित्र काढले, की आपले काम संपते काय? ती खुर्ची घेऊन कोणी आपल्या दुकानी आला, तर तो पायरीपाशीच थांबतो. गुजरीत, महाद्वार रोडवर किती पेढ्यांच्या पायऱ्या त्याला ओलांडता येतील? गिऱ्हाईक बाहेर आणि कापडाचे तागे आत! हिशेब सोपा आहे. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा उतार लागतो. सहा इंचांच्या तीन पायऱ्यांना अठरा फूट. दुकानापुढे एवढी जागा क्वचितच असते, हे मान्य. तेथे पायरी उतरून गिऱ्हाइकापाशी जाण्यात कमीपणा नाही. आपल्या सभागृहाच्या अंगणात मात्र ती जागा आहे.

मंदिराचा प्रश्न नाजूक आहे. रस्त्यावरची चाके गाभाऱ्यासमोर कशी आणावीत, अशी शंका ज्येष्ठांना येते आणि ती अनादराने झिडकारण्यासारखी नाही. केवळ मंदिरातच वापरायची, चामड्याचा अंशही नसलेली एक स्वच्छ खुर्ची आत ठेवावी. दाराशी खुर्ची बदलताना हात द्यायला दोन तरुण पुरेत. विश्वस्तांनी त्यांची नावे आजच लिहून घ्यावीत.