पात्याखालचे लाकूड

अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रसंग्रह पाहावयास दूरदूरची माणसे येतात. तलवारी, कट्यारी, भाले यांपुढे ती घटकाभर थबकतात, एखाद्या पात्याच्या धारेविषयी हलक्या आवाजात बोलतात आणि पुढे सरकतात. धारेचे कौतुक करण्याची माणसाची ही सवय फार जुनी आहे. परंतु कारखान्यात किंवा कारागिराच्या ओट्यावर जे पाते रोज राबते, ते शेवटी कशावर तरी जाऊन टेकते; आणि ती वस्तू पुष्कळदा लाकडाची असते. तिचे नाव कोणी घेत नाही. पाते बोथट झाले तर ते तत्काळ ध्यानात येते. खालचे लाकूड झिजले म्हणजे मात्र दोष पात्याला दिला जातो, नाही तर पाते चालविणाऱ्या माणसाला. हे खालचे लाकूड आणि त्याचा पृष्ठभाग पुन्हा नीट करणारे एक जोडयंत्र, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

झिजलेला पृष्ठभाग नवा करून घेणे ही कल्पना मराठी घरांस अपरिचित नाही. पाटा गुळगुळीत झाला, जात्यातून पीठ जाडेभरडे पडू लागले, की टाकी लावणाऱ्या बाईची हाक कानी पडण्याची वाट पाहिली जात असे. ती उंबऱ्याशी बसे, छिन्नी-हातोडीने दगडावर बारीक खाचा पाडी आणि तोच पाटा पुन्हा काही महिने कामाचा होई. पाटा फेकून नवा आणावा, असे कोणत्याही गृहिणीच्या मनात येत नसे. सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली, आणि तेव्हापासून गिरणीकामगारांच्या कित्येक पिढ्यांनी हाच न्याय लोखंडी यंत्रात पाहिला. कापूस विंचरणाऱ्या कार्डिंग यंत्राच्या रुळांवर बारीक तारांचे दाते असतात. ते बोथट झाले म्हणजे रूळ उचलून बाहेर न्यावयाचा नाही. यंत्रावरच घासणीचा एक रूळ बसवावयाचा, त्याने या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरत दात्यांस धार द्यावयाची आणि काम होताच तो काढून ठेवावयाचा. जोडयंत्र म्हणतात ते हेच. मूळ यंत्राचा पाया आणि मूळ यंत्राची सरळ रेषा यांचा आधार घेऊन त्याच यंत्राची डागडुजी करणारे ते साधन असते. यातील ‘आधार घेऊन’ हे शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावेत; पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आता लाकडाकडे वळू. अक्कलकोट तालुका सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकास आहे. तेथील बाजारात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा एकाच दमात ऐकू येतात. वटवृक्ष मंदिराबाहेर उतरविलेल्या पादत्राणांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांस त्या गावी चपलेचे किती प्रकार एकत्र येतात हे सांगावयास नको. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन जाहीर झाले, तेव्हा त्याच्या क्षेत्रात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे आठ जिल्हे धरले गेले. म्हणजे नाव कोल्हापूरचे असले, तरी हा धंदा सोलापूर जिल्ह्याचाही आहे. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले जाड कातडे, ते कापणारी रापी, शिवणारी आरी आणि खाली दगड किंवा लाकडाचा ठोकळा, एवढ्यावर हा धंदा पिढ्यानपिढ्या चालत आला आहे.

चांगला ठोकळा कसा ओळखावा? लाकडाची फळी आडवी ठेवली तर तिचे तंतू आडवे पडतात. अशा फळीवर पाते मारले की तंतू तुटतात, कपचे निघतात आणि थोड्याच दिवसांत फळी खडबडीत होते. तेच झाडाच्या बुंध्याचा आडवा काप घेऊन तो उभा ठेवला, तर तंतूंची टोके वर येतात. कडब्याची पेंढी उभी करून तिच्या डोक्यावर विळा टेकवावा, तशी ही स्थिती होते. पाते तंतूंस न तोडता त्यांच्या मधून शिरते आणि बाहेर निघताच तंतू पुन्हा एकमेकांस बिलगतात. त्यामुळे ठोकळाही टिकतो आणि धारही टिकते. खाटकाचा चिंचेचा ओंडका याच कारणाने उभा ठेवलेला असतो. विलायतेतील चर्मकारही असाच उभ्या तंतूंचा पाट वापरीत असत. तिकडे चपला-बुटांचे वरचे कातडे कापणाऱ्या कारागिराला ‘क्लिकर’ म्हणतात. कातड्यातून सुरीचे टोक सुटताना जो ‘क्लिक’ असा आवाज होई, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात.

मोठ्या कारखान्यासाठी एवढा रुंद बुंधा मिळत नाही. मिळाला तरी वाळताना तो तडकतो. म्हणून लाकडाचे चौकोनी तुकडे उभ्या तंतूंनी शेजारी शेजारी बसवितात, सरसाने जोडतात आणि भोवती लोखंडी पट्टा किंवा बोल्ट आवळतात. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवितात, त्यातलाच हा प्रकार. या ठोकळ्यावर कातडे पसरावयाचे, त्यावर पोलादी पट्टीची डाय ठेवावयाची आणि वरून प्रेसचा दांडा खाली यावयाचा. एका दाबासरशी तळव्याचा किंवा पट्ट्याचा तुकडा तयार. असल्या प्रेसचा दाब पंधरा-वीस टन असतो. डायची उंची साधारणतः १९ किंवा ३२ मिलिमीटर ठरलेली असते, आणि सारी डाय एकाच वेळी, सारख्याच खोलीने टेकावी हे त्या कामाचे मर्म आहे.

दुखणे सुरू होते ते येथेच. कामगाराचा हात ठोकळ्याच्या मध्यभागी सवयीने जातो. दिवसाकाठी शेकडो वेळा तेथेच डाय पडते, आणि काही आठवड्यांत मध्ये खोलगट बशी तयार होते. ती डोळ्यांस दिसत नाही. सरळ पट्टी उभी धरून तिच्याखालून उजेड पाहिला तरच कळते. आता डाय दाबली की तिच्या कडा टेकतात, पण मधला भाग अधांतरी राहतो आणि कातड्याचे काही तंतू कापावयाचे राहून जातात. कामगार तो तुकडा हिसका देऊन सोडवितो. त्याची कड फाटते, ती कात्रीने सारखी करावी लागते आणि तळव्याचा आकार केसभर लहान होतो. मग तो दाब वाढवितो. वाढलेल्या दाबाने ठोकळ्याचा चांगला भाग अधिक खोल कापला जातो, डायची पट्टी वाकते, आणि बशी आणखी खोल होते. एक दोष झाकावयास केलेला उपाय त्याच दोषाला खतपाणी घालतो. ज्या ठिकाणी मजुरी नगावर ठरते, तेथे वाया गेलेल्या तुकड्याचा जाब कापणाऱ्यालाच विचारला जातो, हे तर उघडच आहे. वास्तविक त्या बिचाऱ्याच्या हातात काहीच उणे नसते. कातडे महाग, कारागीर कसबी, आणि नुकसान करणारा ठोकळा मात्र मुकाट खाली बसलेला!

यावर पहिला उपाय पैशाचा नव्हे, शिस्तीचा आहे. ठोकळा रोज थोडा फिरवावा, डाय आळीपाळीने कडेकडेला घ्यावी, आणि आठवड्यातून एकदा सरळ पट्टी लावून पाहावी. हा उपाय कोणी सांगत नाही असे नाही. तो कोणी पाळत नाही, एवढेच. दुसरा उपाय सुताराचा. सुतार रंधा घेऊन येतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत करून देतो. परंतु उभ्या तंतूंवर हातरंधा चालविणे जिकिरीचे असते. पाते अडखळते आणि पलीकडच्या कडेचे तुकडे उडतात. त्याहून मोठी अडचण अशी की, गुळगुळीत आणि समपातळी या दोन गोष्टी एक नव्हेत. सुताराच्या हाताखालून निघालेला ठोकळा आरशासारखा दिसेल, तथापि त्याची एक बाजू दुसरीपेक्षा एका मिलिमीटरने खाली असेल, तर प्रेसच्या दृष्टीने तो बिघडलेलाच आहे.

जोडयंत्राची करामत येथे उपयोगी पडते. त्याची रचना ऐकताना मोठी वाटते, पण कल्पना साधी आहे. प्रेसच्या बैठकीवर, ठोकळ्याच्या दोन बाजूंस, दोन सरळ रूळपट्ट्या बसवावयाच्या. त्यांवर आडवी सरकणारी एक गाडी, आणि त्या गाडीत एक लहान विजेची मोटर. मोटरीच्या खालच्या टोकास दोन-तीन दात्यांची फिरती चकती. एका स्क्रूने चकती किती खाली उतरवावयाची ते ठरते. गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवीत न्यावयाची, मग थोडी बाजूस घेऊन परत आणावयाची. शेतात नांगराचे तास शेजारी शेजारी पडावे तसे चकतीचे पट्टे पडत जातात. ठोकळ्याचा मूळ पृष्ठभाग कितीही वाकडा असो, चकतीस त्याचे काही देणेघेणे नसते. ती रूळपट्ट्यांची रेषा पाळते, रूळपट्ट्या बैठकीची पातळी पाळतात, आणि प्रेसचा दांडाही त्याच बैठकीस समांतर असतो. यंत्राचा आधार घेऊन यंत्राची डागडुजी म्हणतात ती ही.

एका खेपेस अर्धा मिलिमीटरपेक्षा अधिक लाकूड काढण्याचा लोभ धरू नये. खोल घेतले की दाते उभे तंतू उपटून काढतात आणि पृष्ठभाग कुरतडल्यासारखा दिसतो. प्रत्येक जुना घाव समूळ नाहीसा करण्याचेही कारण नाही. एकूण पातळी एक झाली की एखादा खोल व्रण राहिला तरी चालतो. पलीकडची कड उडू नये म्हणून ती आधी कानसीने किंचित उतरती करून घ्यावी. आणि चकती सुरू करण्यापूर्वी ठोकळ्यावरून लोहचुंबक फिरवावा. डायच्या धारेचे तुटके कण, एखादी चुकार चूक, लाकडात रुतून बसलेली असते. फिरत्या दात्याशी तिची गाठ पडली तर दाता तरी जातो किंवा ती चूक बंदुकीच्या गोळीसारखी उडते. काम चालू असता प्रेसची वीज तोडलेली असावी, हे सांगावे लागू नये. चांगल्या प्रेसला दोन्ही हातांनी एकदम दाबावयाच्या दोन कळा असतात, त्या बोटे वाचविण्यासाठी. पण डागडुजी करणारा माणूस त्या कळांपासून दूर, नेमका दांड्याखाली वाकलेला असतो.

धुळीविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. ठोकळ्यातून निघणारा भुसा नुसत्या लाकडाचा नसतो. त्यात कातड्याची पूडही असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने लाकडाची धूळ आणि कातड्याची धूळ या दोन्हींना माणसास निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. नाकाच्या पोकळ्यांशी त्या रोगाचा संबंध आढळला आहे. म्हणून चकतीभोवती झाकण आणि त्यास धूळ ओढणारा पंखा नसेल, तर ते जोडयंत्र अपुरे समजावे. तोंडाला रुमाल बांधणे हा त्यावरील उपाय नव्हे.

हिशेबही पाहावा. समजा, ठोकळा १०० मिलिमीटर जाड आहे आणि तो ४० मिलिमीटर होईपर्यंत वापरता येतो. प्रत्येक वेळी एक मिलिमीटर काढला, तर साठ वेळा नवा पृष्ठभाग मिळतो. जाडी कमी होत जाईल तशी खाली फळीची भर घालावी, म्हणजे प्रेसची चाल बदलावी लागत नाही. जो कारखानदार दोन-चारदा सुतार बोलावून, वैतागून, ठोकळा सरपणात टाकतो, त्याने उरलेली पन्नासहून अधिक आयुष्ये चुलीत घातली असे म्हणावे लागेल.

हल्ली पुष्कळ कारखान्यांत लाकडाऐवजी नायलॉनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे पाट आले आहेत. त्यामुळे हा प्रश्न मिटला असे काहींस वाटते. तसे झालेले नाही. प्लास्टिकच्या पाटात तंतू नसल्याने घाव मिटत नाही. हजारो घावांनी वरचा थर पाचर मारल्यासारखा फुगतो आणि पाट धनुष्यासारखा वाकतो. म्हणून तो वरचेवर उलटावा लागतो आणि अखेर त्यालाही चकतीखाली घ्यावेच लागते. वर त्याचा कीस मातीत कुजत नाही.

मोठ्या कारखान्यास ही सारी व्यवस्था सहज जमते. अमेरिकेत १८९९ साली स्थापन झालेली युनायटेड शू मशिनरी कंपनी आपली मुख्य यंत्रे विकत नसे, भाड्याने देत असे, आणि त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी स्वतःकडे ठेवी. त्या मक्तेदारीविरुद्ध १९५३ साली तेथील न्यायालयाने निकाल दिला आणि यंत्रे विकण्याचीही वाट मोकळी करावयास लावली. तो निकाल योग्यच होता; मात्र यंत्र विकत घेणाऱ्याच्या गळ्यात त्याची निगाही पडते, ही गोष्ट त्यानंतर पुष्कळांच्या अनुभवास आली. अक्कलकोटसारख्या तालुक्याच्या गावी एक प्रेस घेऊन बसलेल्या चर्मकार कुटुंबास असे जोडयंत्र स्वतंत्रपणे घेणे परवडणार नाही, आणि घेतले तरी ते महिन्यातून एखाद्या तासापुरतेच लागेल. पाच-पंचवीस कारागिरांत मिळून एक घ्यावे, ते हाताळणारा एक माणूस तयार करावा आणि त्याने गावोगाव फिरून ठोकळे नीट करून द्यावेत, ही योजना अधिक शहाणपणाची ठरेल. १९७४ साली स्थापन झालेले राज्याचे चर्मोद्योग महामंडळ प्रशिक्षण आणि अवजारे यांकडे लक्ष देते. अवजारांच्या यादीत पात्याखालच्या लाकडालाही एक ओळ मिळावयास हरकत नसावी. टाकी लावणारी बाई दारोदार फिरे, तीही काही प्रत्येक घराने पदरी बाळगलेली नव्हती.

घासून घासून तीन बोटे उरलेला ठोकळा प्रेसला निरुपयोगी होतो. त्याचा लोखंडी पट्टा सोडवून नव्या ठोकळ्यास चढवितात. लाकडाचे तुकडे मात्र अजून सरसाने घट्ट असतात. ते हातकाम करणाऱ्या कारागिराने घेऊन जावेत. वीस टनांचा दाब त्यांस सोसवत नाही, पण रापीखाली ते आणखी कित्येक वर्षे काम देतात.