पंच्याण्णवाव्या मिनिटाचा गोल

आज मी तुम्हाला दक्षिण कोरियातल्या एका फुटबॉल क्लबच्या एका हंगामाची हकिगत सांगणार आहे. क्लबचं नाव पोहांग स्टीलर्स आणि साल २०१३.

पोहांग हे कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं शहर. पॉस्को ही पोलाद कंपनी १९६८ साली स्थापन झाली आणि तिचा पहिला मोठा कारखाना इथेच उभा राहिला. रायगड जिल्ह्यात माणगावजवळ विळे-भागाडला जिचा पोलादाचा कारखाना आहे, तीच ही पॉस्को. या कंपनीने १९७३ मध्ये आपला फुटबॉल संघ काढला. १९९० साली खास फुटबॉलसाठी मैदान बांधलं, त्याचं नाव स्टीलयार्ड. कोरियात केवळ फुटबॉलसाठी बांधलेलं ते पहिलं मैदान. प्रेक्षक अगदी रेषेजवळ बसतात. खेळाडूंची हाकाटीसुद्धा ऐकू येते.

कारखान्याच्या जिवावर उभ्या राहिलेल्या संघाचं एक असतं. कारखान्याला ताप आला की संघाला हुडहुडी भरते. त्या वर्षांत जगभर पोलादाचा बाजार मंदावला होता आणि खर्चाला कात्री लागली. कोरियाच्या लीगमध्ये तेव्हा प्रत्येक क्लबला चार परदेशी खेळाडू घेता येत, त्यांतला एक आशियाई. गोल करायचं काम बहुतेक क्लब ब्राझीलच्या किंवा पूर्व युरोपच्या खेळाडूंवर सोपवत. पोहांगने २०१३ साली एकही परदेशी खेळाडू घेतला नाही. त्यात तत्त्वाचा भाग थोडा आणि तिजोरीचा जास्त, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. मागाहून त्याला स्वदेशीचा मुलामा देणं सोपं असतं.

प्रशिक्षक होते ह्वांग सन-होंग. २००२ च्या विश्वचषकात पोलंडविरुद्ध कोरियाचा पहिला गोल करणारे ते हेच. तरुणपणी ते पोहांगकडूनही खेळले होते. हाताशी मोठा गोलंदाज... क्षमा करा, क्रिकेटची सवय! हाताशी मोठा गोल करणारा खेळाडू नाही म्हटल्यावर त्यांनी आखूड, जलद पासचा खेळ घोटून घेतला. त्या काळी स्पेनच्या ‘टिकी-टाका’ शैलीचा बोलबाला होता, म्हणून वर्तमानपत्रांनी या खेळाला नाव दिलं ‘स्टील-टाका’. ली म्योंग-जूसारखे क्लबच्या युवा संघांतून वर आलेले खेळाडू त्याचा कणा होते. या क्लबने शाळकरी वयापासून मुलं घडवण्यावर आधीच पैसा आणि वेळ घातला होता. ते बियाणं पेरलेलं नसतं, तर त्या वर्षी कापायला पीकच नसतं.

सगळंच काही सुरळीत झालं नाही. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये पोहांग गटातच गारद झाला. पण १९ ऑक्टोबरला कोरियन एफए कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी जिओनबुकला त्यांच्याच मैदानावर, १-१ बरोबरीनंतर पेनल्टीवर ४-३ असं हरवलं. एक चषक घरी आला.

आता लीग. दोन सामने उरले असताना उल्सान ७३ गुणांवर होता आणि पोहांग ६८ वर. उल्सान म्हणजे ह्युंदाईचं शहर. जहाजांचं आणि मोटारींचं. पोहांगपासून रस्त्याने साधारण तासाभरावर. पोलादवाले आणि जहाजवाले यांची चुरस जुनीच. २७ नोव्हेंबरला उल्सान बुसानमध्ये १-२ असा हरला आणि त्याच दिवशी पोहांगने सोलला ३-१ असं हरवलं. अंतर उरलं दोन गुणांचं. शिवाय पिवळ्या कार्डांमुळे उल्सानचा उंचापुरा किम शिन-वूक आणि ब्राझीलचा राफिन्या हे दोघे शेवटच्या सामन्याला मुकले. आणि तो शेवटचा सामना होता याच दोघांमध्ये, १ डिसेंबरला, उल्सानच्या मैदानावर.

उल्सानला बरोबरी पुरत होती, पोहांगला जिंकायलाच हवं होतं. उल्सानने साहजिकच दार लावून घेतलं. नव्वद मिनिटं झाली, गोल नाही. वाढीव वेळ सुरू झाला, तोही सरत आला. यजमानांना विजेतेपद हाताशी दिसू लागलं होतं. पंच्याण्णवाव्या मिनिटाला पोहांगला फ्री किक मिळाली. चेंडू गोलसमोरच्या गर्दीत पडला, धडपड झाली, आणि त्या झटापटीतून किम वॉन-इल या बचावपटूने तो जाळ्यात ढकलला. गोल करणं हे ज्याचं कामच नव्हतं, मरीन दलात सेवा करून फुटबॉलमध्ये परतलेला असा तो गडी! पोहांग ७४, उल्सान ७३. लीग आणि एफए कप एकाच वर्षी जिंकणारा पोहांग हा कोरियातला पहिला क्लब ठरला.

मला मात्र त्या दिवशीच्या उल्सानचाही विचार सोडवत नाही. वर्षभर कष्ट करून त्यांनी आघाडी मिळवली आणि ती एका मिनिटात गेली. त्यांच्या प्रशिक्षकांनी काही दिवसांतच पद सोडलं. योगायोग पाहा, बरोबर सहा वर्षांनी, १ डिसेंबर २०१९ ला, उल्सानला पुन्हा शेवटच्या सामन्यात पोहांगनेच ४-१ ने हरवलं. जिओनबुकशी गुण समान, ७९, पण एकूण गोल एकाने कमी, म्हणून विजेतेपद गेलं. अखेर २०२२ साली, सतरा वर्षांनी, उल्सानने लीग जिंकली.

आणि पोहांग? २०१४ च्या उन्हाळ्यात ली म्योंग-जू संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन क्लबकडे गेला. घडवलेली मुलं श्रीमंतांच्या घरी जातात, हा लहान क्लबांचा जुनाच भोग. त्या वर्षी पोहांग चौथा आला. २०१३ नंतर लीगचं विजेतेपद त्यांच्याकडे आलेलं नाही. २०२३ मध्ये एफए कप मात्र आला.

म्हणजे, श्रोतेहो, टंचाईने माणूस आपोआप मोठा होतो असं काही नाही. टंचाई आली त्या दिवशी पोहांगकडे पूर्वी घडवलेली मुलं होती आणि त्यांच्यावर भरवसा ठेवणारा प्रशिक्षक होता. शेवटच्या मिनिटाचं नशीब त्यानंतरचं. ते कधी साथ देतं, कधी देत नाही. पण त्या मिनिटापर्यंत सामन्यात टिकून राहणं, एवढं तरी आपल्या हातात असतं.