नाथांची पै आणि मुलांची वही

मायबापहो, नाथमहाराजांच्या एका पैची गोष्ट तुम्हां सगळ्यांना पाठ आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबाचं काम नाथांकडं होतं. एकदा एका पैचा मेळ बसेना. रात्र सरत आली, तेव्हा कुठं चूक सापडली आणि नाथांनी आनंदानं टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. एवढ्याशा चुकीचा उलगडा झाला तर इतका आनंद, मग संसाराची थोरली चूक उमगली तर केवढा होईल, असं त्यांनी शिष्याला दाखवून दिलं. आम्ही कीर्तनकार इथून लगेच त्या थोरल्या चुकीकडं उडी मारतो. पण महाराज, त्या पैसाठी नाथ रात्रभर जागले होते की नाही? आज आपल्याला त्या पैपाशीच बसायचंय.

इथं आळंदीत माझ्याकडं दहाबारा मुलं शिकायला असतात. हरिपाठ, गीता, ज्ञानेश्वरी, पखवाज. यंदापासून एक जास्तीचा पाठ लावला. रविवारी सकाळी वही काढायची. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे, खाली शिल्लक. पोरं हसली. "महाराज, आमच्याकडं हाये काय लिहायला?" म्हटलं, बाळांनो, ज्याच्याकडं थोडं असतं त्यालाच लिहावं लागतं. सावकाराला लिहायला मुनीम असतो.

पूर्वी पैसा जाताना हाताला कळायचं. कनवटीची गाठ सोडायची, नोट काढायची, मोजायची, देताना जरा जड वाटायचं. आता फोन पुढं धरला, टिंग वाजलं, गेले! हाताला पत्ताच नाही.

एका मुलाची वही सांगतो, नाव सांगत नाही. जमा: घरून 1500, आणि कीर्तनात टाळकरी म्हणून उभं राहिल्याचे चार वेळा 300, म्हणजे 1200. एकूण 2700. (कीर्तनकाराला किती मिळतात ते विचारू नका. त्यावर बोललो तर उद्यापासून नारळ यायचा बंद होईल.) आता नावे: मोबाईलचा हप्ता 1400. चहा-वडापाव रोजचे 20 धरून 600. येणं-जाणं 350. साबण, तेल, न्हावी 250. रिचार्ज 299. आणि हा रिचार्ज महिन्याचा म्हणतात, पण चालतो 28 दिवस. म्हणजे वर्षाला 13 महिने! आपला अधिक मास तीन वर्षांनी येतो, कंपनीचा दरवर्षी येतो.

बेरीज झाली 2899. एकशे नव्व्याण्णव कमी. पोरगं दर महिन्याला ते मित्राकडून उसने आणायचं आणि आपण कर्जात आहोत हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी रागावलो नाही. एवढंच विचारलं, "आईला मजुरी किती मिळते रे?" म्हणाला, "खुरपणीचे दिवसाला 300." "मग 1500 म्हणजे किती दिवस?" पाच बोटं त्यानं मोजली आणि मान खाली घातली. त्या दिवशी हरिपाठाला त्याचा आवाज निघाला नाही.

दुसरा एक हुशार. तो म्हणाला, "महाराज, तुकोबारायांनी वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तुम्ही आम्हाला वह्या लिहायला लावता?" मला प्रश्न आवडला. विचारणारं पोरगं कीर्तनकार होतं, मायबाप. म्हटलं, अरे, नीट बघ. तुकोबांनी कसले कागद बुडवले? लोकांकडून येणं होतं त्याचे. दुष्काळानं पिचलेल्या कुळांचं ओझं त्यांनी पाण्यात सोडलं. आपण दुसऱ्याचं देणं लागतो, तो कागद नाही बुडवला. आणि भाऊ कान्होबा, त्यांचा वाटा आधी वेगळा काढून दिला, मग आपला बुडवला. भावाचा किती, आपला किती, हे कळायला खातं चोख लागतं की नाही? दुसऱ्याच्या पैशावर वैराग्य दाखवायला काय जातंय!

आपल्यातही असे असतात. उसनं मागायला माणूस दारात आला की म्हणायचं, पैसा काय, माया आहे! माया आहे ना? मग देऊन टाक त्याची माया त्याला.

तर त्या पहिल्या मुलाचं सांगायचं राहिलं. मी त्याला फोन विकायला लावला नाही. विकला तरी हप्ता सुटत नाही, आणि हप्ते आता पाचच राहिलेत. त्यानं आपण होऊन चहा-वडापाव निम्म्यावर आणला, 300 वाचले. गेल्या रविवारी वही दाखवली. सगळं जाऊन खाली शिल्लक 101! आकडा बघूनच मला हसू आलं. म्हटलं, आता ह्याचं काय करणार? त्यानं पुढं लिहूनच ठेवलं होतं, 'आईची वारी'. बाई जन्मात दिंडीत चाललेली नाही. ऐन आषाढीला रानात खुरपणी असते आणि दिंडीची भिशी भरायला गाठीला पैसा नसतो.

आता कार्तिक वद्य चाललाय. आषाढीपर्यंत सात महिने धरा. पाच महिने 101 प्रमाणे 505. मग हप्ता संपला, पुढचे दोन महिने 1501 प्रमाणे 3002. झाले 3507. आमच्या दिंडीत एका माणसाची भिशी त्यात बसते. चहाचं पान आड येऊ नये एवढीच पांडुरंगाला विनंती!

पोरगं इथंच टाळकऱ्यांत उभं आहे. कोण ते शोधू नका, लाजेल. हात वर करा आणि म्हणा, विठोबा रखुमाई, विठोबा रखुमाई!