रोवळी आणि ड्रेजर



यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनला भरलेल्या या वकिलांच्या परिषदेचं अध्यक्षस्थान मला दिलं आहे. मी सिंधुदुर्गातला वकील. मासेमारांचे, वाळूवाल्यांचे आणि अभयारण्याचे तंटे चालवण्यात हयात गेली. भाषणाचा विषय कळवला तेव्हा आपल्या संयोजकांनी फोनवर जरा चाचरतच विचारलं, "साहेब, शिंपल्यांचा उपसा आणि त्यावरचे निर्बंध? मुकुटबनात? समुद्र इथून शेकडो किलोमीटरवर आहे." मी म्हटलं, म्हणूनच. घरच्या तंट्यात घरातलं माणूस नीट बोलत नाही. अशा तंट्याला लांबचा पंच लागतो. आज मी माझा तंटा तुमच्यापुढे मांडतो आणि जाता जाता तुमचाही थोडा उकरतो.

तसा मुकुटबनला समुद्र अगदी परका नाही. इथला सिमेंट कारखाना २०२२ पासून चालू आहे, क्षमता वर्षाला ३९ लाख टन. त्याला लागणारा चुनखडक पैनगंगा गटातला, अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला, अनेक भूवैज्ञानिकांच्या मते शंभर कोटी वर्षांच्याही आधीचा. चुनखडक म्हणजे शिंपल्यांचा चुरा असं आपण शाळेत शिकतो. इथला तसा नाही. हा थर साचला तेव्हा शिंपला बांधणारा प्राणी पृथ्वीवर जन्मालाच आला नव्हता. म्हणजे मुकुटबनच्या सिमेंटपायी एकही शिंपला मेलेला नाही. ज्यांच्या नशिबी असा खडक नव्हता त्यांनी पाण्यात हात घातला. केरळात वेंबनाड सरोवराच्या तळातले शिंपले ड्रेजरने उपसून पांढरं सिमेंट बनलं. कच्छच्या आखातात सिक्क्याच्या सिमेंटसाठी प्रवाळाची वाळू उपसली गेली. १९८० साली तिथे सागरी अभयारण्य आणि १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यान झालं.

आता ड्रेज म्हणजे काय ते सांगतो, कारण इथे अनेकांनी ते पाहिलेलं नसणार. एक जड लोखंडी चौकट, तिला खालून दात, मागे लोखंडी कड्यांची पिशवी. बोट ती तळावरून फरफटत नेते. दात वाळू उकरतात, शिंपले पिशवीत जातात, बाकीचं मागे चिरडून पडतं. दुसरा प्रकार पाण्याच्या झोताचा: झोताने वाळू मोकळी करायची आणि वरचा थरच पंपाने ओढून घ्यायचा. दोन्हीत शिंपला तर जातोच, पण ज्या तळावर त्याचं पुढचं पिल्लू रुजायचं तो तळही जातो.

आमच्याकडे शिंपले असे निघत नाहीत. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की बायका कमरेला पिशवी बांधून, रोवळी म्हणजे बांबूची टोपली घेऊन खाडीत उतरतात. पाणी गुडघ्याएवढं, कुठे कमरेएवढं. डोळ्यांना काही दिसत नाही. पाय चिखलमिश्रित वाळूत फिरवत राहायचं. टाचेखाली गुळगुळीत, टणक काहीतरी लागलं की वाकायचं, बोटांनी उकरायचं, तिसरी, म्हणजे खाडीतला छोटा शिंपला, हाताला येते. बारीक असली तर परत पाण्यात. भरती चढायला लागली की काम आटोपलं, रोवळीत असेल तेवढं घेऊन घरी. कालवांचं काम आणखी कष्टाचं. ती खडकाला चिकटलेली. कोयत्याच्या टोकाने कवच फोडून आतला गर वाटीत काढायचा. बोटं कापतात, त्यात खारं पाणी झोंबतं. मग तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवायच्या म्हणजे त्या वाळू ओकून टाकतात, आणि सकाळी एकशिपी करायची. वऱ्हाडातल्या मित्रांनी मालवणला येऊन ती एकदा खावी. सावजीचा ठसका तिला नाही, पण तोडही नाही. असो.

या बायकांना आमच्या कायद्यात जागा कुठे आहे, हा माझा प्रश्न आहे.

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा, ज्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड येतात. प्रवाळ, समुद्री शेवाळं, मोती कालवं अशी संपत्ती तिथे आहे, संरक्षण हवंच होतं. पण पिढ्यानपिढ्या त्याच पाण्यावर जगणाऱ्या मासेमारांना विश्वासात घेतलं गेलं नाही, आणि चाळीस वर्षं होत आली तरी तो सल गेलेला नाही. कागदावर अभयारण्य, पाण्यावर अविश्वास.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं २९ वं कलम आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. अभयारण्यातला वन्यजीव परवान्याशिवाय मारायचा नाही, काढून न्यायचा नाही, त्याच्या अधिवासाला इजा करायची नाही. शब्द भक्कम आहेत. पण या कलमापुढे रोवळी आणि ड्रेजर एकाच रांगेत उभे राहतात. किती काढलं, कशाने काढलं, मागे तळ शिल्लक राहिला का, हे कलम विचारत नाही. आणि अंमलबजावणीचा अनुभव तुम्हालाही आहे. रोवळी सापडते, कारण ती दिवसा, उघड्यावर, चालत येते. यंत्र रात्री येतं.

याच कायद्यात औषधही आहे. १९९१ च्या दुरुस्तीने आलेलं २६-अ कलम काढून बघा. प्रादेशिक पाण्याचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर हद्द नौदलाच्या मुख्य जलआलेखन अधिकाऱ्याशी विचारविनिमय करून ठरवायची, आणि स्थानिक मासेमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी तजवीज आधी करायची. हे परंतुक संसदेने लिहिलं आहे, कुणा संघटनेच्या निवेदनातलं नाही. जंगलातल्या अभयारण्याला नसलेली ही अट समुद्राला मुद्दाम घातली. तिच्या जोरावर हाताने वेचण्याची मुभा नावानिशी, शिंपल्याच्या जातीनुसार, हंगामवार लिहून घेता येते. आम्ही कोकणातल्या वकिलांनी हे परंतुक पुरेसं वापरलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं हत्यार १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याचं चौथं कलम. कुठल्या क्षेत्रात, किती नौकांनी, कुठली जात, कुठल्या काळात, कुठल्या साधनाने, या प्रत्येक अंगाने शासनाला आदेश काढता येतो. पर्ससीन जाळ्यांवर ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश निघाला तो याच अधिकारात. शिंपल्यांच्या वाट्याला मात्र या कायद्याचं लक्ष फारसं आलं नाही. २००१ साली शंखशिंपल्यांच्या २४ जाती वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टांत गेल्या. गोव्याच्या जुन्या घरांत खिडकीला काचेऐवजी लावत तो पातळ शिंपलाही त्यात होता. चांगलं झालं. पण परिशिष्ट दुर्मीळाला वाचवतं. रोज ताटात येणाऱ्या तिसरीला ते विचारत नाही. आज कोकणच्या खाड्यांत तिसरीचा खरा वैरी शिंपल्यांचा ड्रेजर नसून वाळूचा सक्शन पंप आहे. तिसरी वाळूत राहते; वाळू ओढली की तिचं घर आणि ती, दोन्ही एका नळातून जातात.

यात एक गंमत आहे. वाळूच्या नियमांत आपल्या शासनाने हाताचं आणि यंत्राचं काम वेगळं ओळखलेलं आहे. खाडीत डुबकी मारून, पाटीने वाळू काढणाऱ्यांसाठी 'हातपाटी-डुबी' असा स्वतंत्र परवाना आहे. महसूल खात्याला जे कळलं ते वन आणि मत्स्य खात्यांना कळू नये? वाळूला जो विवेक लागू आहे तो जिवंत शिंपल्याला नाही.

आता जरा बाहेर बघू. नेदरलँड्सच्या उत्तरेला वाडेन समुद्र आहे. ओहोटीला मैलोन्मैल उघडा पडणारा चिखल, लाखो स्थलांतरित पक्षी, आणि आपल्या तिसरीसारखा कॉकल नावाचा शिंपला. यंत्राच्या बोटी दरवर्षी परवाना घेऊन तो उपसत. पर्यावरण आणि पक्षिप्रेमी संस्थांनी परवान्याला आव्हान दिलं आणि प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. सरकारपक्षापुढचा पेच आपल्या ओळखीचा आहे: हा उपसा वर्षानुवर्षं चालू आहे, मग दर वर्षीचा परवाना म्हणजे नवा प्रकल्प कसा? ७ सप्टेंबर २००४ रोजी न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक वर्षीचा परवाना हा नवा प्रकल्पच धरायचा, आणि संरक्षित क्षेत्राला बाधा होणार नाही याबद्दल वाजवी शास्त्रीय शंका उरलेली नसेल तरच तो द्यायचा. मित्रहो, या वाक्याने पुराव्याचा भार उलटला. नुकसान झालं हे पक्ष्यांच्या बाजूने सिद्ध करायचं नाही. नुकसान होणार नाही याची खात्री परवाना देणाऱ्याने करून घ्यायची. २००५ पासून वाडेन समुद्रातला यांत्रिक उपसा बंद झाला, बोटवाल्यांना भरपाई मिळाली. आणि दाताळं घेऊन चिखलात उभं राहून हाताने कॉकल काढणारे? ते मर्यादेत राहून आजही काढतात.

इंग्लंडने २००८ साली लाइम बे या उपसागरात ६० चौरस सागरी मैलांवर तळ ओरबाडणारी मासेमारी बंद केली; पाणबुडे आणि पिंजरेवाले राहिले. स्कॉटलंडमध्ये २०१७ साली लॉक कॅरन इथे एका ड्रेजरने शिंपल्यांचा दुर्मीळ थर उद्ध्वस्त केला. त्याने कायदा मोडला नव्हता, कारण तिथे मनाईच नव्हती! काही आठवड्यांत तातडीचं संरक्षण लागू झालं. मेलेल्यावर वैद्य, तसं.

पण इतकं लांब जायला नको. कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात तिसऱ्यांच्या भावंडांची मासेमारी ऐंशीच्या दशकात निर्यातीमुळे फोफावली. १९९१ मध्ये उत्पन्न दहा हजार टनांच्या घरात गेलं आणि दोन वर्षांत निम्म्यावर आलं. मग तिथल्या मासेमारांनी, शास्त्रज्ञांनी आणि शासनाने मिळून नियम बसवले: डिसेंबर ते फेब्रुवारी प्रजननाच्या काळात बंदी, जाळ्याच्या डोळ्याला किमान माप, यंत्राला मज्जाव. २०१४ साली या मासेमारीला शाश्वततेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, देशात पहिलं. बंदीच्या नियमाला लोकांची साथ मिळाली, कारण बंदी घालण्यात ते स्वतः सामील होते आणि यंत्र बाहेर ठेवलं होतं.

आता तुमच्या तंट्याकडे येतो. पैनगंगेच्या रेतीत शिंपले आहेत. नदीकाठच्या मंडळींनी ते लहानपणी वेचलेले असतील. या गोड्या पाण्यातल्या शिंपल्याची अळी काही दिवस माशाच्या कल्ल्याला चिकटून जगते, मग सुटून रेतीत रुजते. मासा गेला तर शिंपला गेला, रेती गेली तर दोघं गेले, आणि शिंपला गाळून स्वच्छ करत होता ते पाणीही गढूळ राहिलं. रेतीघाटाच्या परवानगीत पात्रात यंत्र उतरवू नये, सूर्यास्तानंतर उपसा करू नये अशा अटी असतात. आणि रात्री पोकलेन कुठे उभं असतं ते या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाखाली पाचपटीपर्यंत दंड आहे, यंत्र जप्त करण्याची तरतूद आहे. पंचनामा ट्रॅक्टरचा होतो. पोकलेन तोवर पलीकडे, तेलंगणाच्या काठावर.

दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य, २७ फेब्रुवारी २०१२. सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरच्या आतल्या उपशालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. २०२० च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत नदीत दरवर्षी नवी रेती किती येते याचा पुनर्भरण अभ्यास सांगितला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा अभ्यास नसलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल मंजुरीचा आधार होऊ शकत नाही, असं म्हटलं. लक्झेंबर्गला २००४ साली जे सांगितलं गेलं ते आता आपल्याही दारात आलं आहे: आधी खात्री, मग परवाना. नदी दर वर्षी वेगळी असते, म्हणून अभ्यासही दर वर्षी हवा.

मला बंदीचा पुळका नाही. सरसकट बंदी आळशी कारभाराचं लक्षण आहे. ती गरिबाला लागते आणि बड्याला परवडते. सिंधुदुर्गात महिला बचत गटांनी कालवांची आणि शिनाणे या शिंपल्यांची शेती करून दाखवली आहे. त्यांना हवं आहे ते सुरक्षित पाणी आणि लेखी हक्क. कायद्याने यंत्राला अडवावं आणि हाताला ओळखावं, एवढंच माझं मागणं आहे, खाडीसाठी आणि नदीसाठीही.

परिषदेच्या अखेरीस ठराव होतील. ठराव फायलीत जातात, म्हणून ठरावाबरोबर एक काम मागतो. या वर्षी पैनगंगेच्या ज्या ज्या रेतीघाटाचा लिलाव जाहीर होईल, त्याच्या पुनर्भरण अभ्यासाची प्रत लिलावाआधी माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाचा मसुदा मी सोबत आणला आहे, बाहेर टेबलावर ठेवला आहे. अभ्यास नसेल तर हरकत नोंदवा, त्यात शिंपल्यांचं नाव लिहा. मालवणला परतल्यावर आम्ही खाडीच्या वाळू गटांसाठी तोच अर्ज करणार आहोत. जेवणाच्या सुट्टीआधी निदान वीस जणांनी सह्या कराव्यात, अशी विनंती करून मी थांबतो.