गोळी आणि मिठाची बाटली
(संस्थेच्या सभागृहात रहिवाशांपुढे दिलेल्या भाषणाचा सारांश)

आज डॉक्टर म्हणून नाही, एक मुलगी म्हणून सांगते.

माझ्या बाबांचं बीपी गोळी सुरू केल्यावर १२८/८० वर आलं. "आता नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?" म्हणत त्यांनी ती परस्पर बंद केली. त्रास काहीच नव्हता. तीन महिन्यांनी सकाळी चहाचा कप हातातून निसटला. उजवी बाजू लुळी पडली होती.

बीपी वाढलेलं बहुतेकांना जाणवतच नाही. बाबांचा आकडा नॉर्मल होता तो गोळी चालू होती म्हणून. गोळी कमी किंवा बंद करायची ती डॉक्टरांना विचारूनच.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. भाजी अळणी केली आणि सोबत लोणचं-पापड घेतला, तर काय उपयोग? फरसाण, खारी, सॉस, ढोकळ्यातला सोडा, सगळ्यांत सोडियम आहे. सैंधवातसुद्धा! कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. चवीला लिंबू, कोकम, आलं, जिरं आहेच. जिभेला सवय होते हळूहळू.

एवढंच करा. आज घरी गेल्यावर जेवणाच्या टेबलावरची मिठाची बाटली उचला, आणि तिथे गोळ्यांचा डबा ठेवा.