कॉफी कुणाची, नाव कुणाचं?

आज आपण जरा लांबच्या शेतावर जाऊ, आफ्रिकेतल्या इथिओपियात.

अरेबिका कॉफीचं मूळ तिथल्या डोंगरांतल्या जंगलात आहे. आजही बरीचशी कॉफी घरामागच्या वाडीत, मोठ्या झाडांच्या सावलीत पिकते. बहुतेकांची जमीन दोन-अडीच एकराच्या आतच. पाहुणा आला की घरची बाई हिरवे दाणे भाजते, कुटते आणि मातीच्या सुरईत उकळते. एकाच भुकटीवर तीन वेळा कप भरतात. पिकलेल्या कॉफीतली जवळजवळ निम्मी तिथल्याच घरांत संपते.

उरलेली परदेशी जाते. २०२४-२५ या वर्षात तिचे अडीच अब्ज डॉलरहून जास्त आले. आदल्या वर्षी दीड अब्जही नव्हते. असं का झालं? एक तर ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला आणि जगभर भाव चढले. दुसरं, जुलै २०२४मध्ये तिथल्या सरकारनं बिर्र या चलनाचा दर मोकळा सोडला, म्हणून एका डॉलरला जास्त बिर्र मिळू लागले. शिवाय जुनी झाडं बुंध्यातून छाटून नवी फूट आणायचं कामही चाललंय. पण छाटलेलं झाड दोन-तीन वर्षं फळ देत नाही. तेवढे दिवस घर कशावर चालवायचं, हा प्रश्न बाईलाच पडतो.

पुढं काय? ब्राझीलला चांगला पाऊस झाला, की भाव खाली येऊ शकतो. ते काही इथिओपियाच्या हातात नाही. दुसरी गोष्ट युरोपच्या नियमाची. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या शेतातली कॉफी तिथं चालणार नाही. त्यासाठी प्रत्येक शेताचं ठिकाण नकाशावर दाखवावं लागेल. हा नियम दोनदा पुढं ढकलला गेला, आता मोठ्या व्यापाऱ्यांना डिसेंबर २०२६च्या अखेरीपासून लागू होणार आहे. आपल्याकडे निर्यातीच्या द्राक्षबागांची प्लॉटवार नोंदणी होते, तसंच हे.

आता खरी गोष्ट ऐका. फळं तोडायची, उन्हात वाळवायची, सुपात तांदूळ निवडावेत तसे दाणे निवडायचे, यातलं बरंचसं काम बायकाच करतात. सोसायटीचं सभासदत्व मात्र बहुधा घरच्या पुरुषाच्या नावावर असतं. काही प्रांतांत जमिनीच्या दाखल्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावली गेली, फोटोसुद्धा. ज्या घरात हे झालं, तिथली बाई नव्या नोंदीच्या वेळी कागद पुढं करू शकते. जिथं झालं नाही, तिथं शेताची खूण नकाशावर येईल, पण बाईचं नाव कुठंच दिसणार नाही.

म्हणून आम्हाला वाटतं, नाव लावायची वेळ नोंद होतानाच असते. मागाहून खेटे घालावे लागतात. येत्या बैठकीत गटातल्या प्रत्येकीनं सांगावं: सातबाऱ्यावर माझं नाव आहे का? दूध डेअरीच्या खात्यावर आहे का? ज्यांचं नाही, त्यांची यादी करा आणि चौघी-पाचजणी मिळून तलाठ्याकडे जा.