हातानं शिवलेलं, मोबाइलवर विकलेलं

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेब मला म्हणाले, 'वहिनी, तुम्ही गोधड्या ऑनलाइन कशा विकता, त्यावर वीस मिनिटं बोला.' मी विचारलं, 'ऐकणार कोण?' तर म्हणाले, 'जेवण भाषणानंतर ठेवलंय.' त्यामुळे तुम्ही बसणार याची मला खात्री आहे.

आमच्या कामाला सहा वर्षं झाली. आम्ही नऊ जणी. चौघी सोसायटीतल्या, पाच जणी सागवान आणि येळगावहून येतात. सुरुवातीला सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'काहून वं माय, फाटक्या लुगड्याचे पैसे कोन देईन?' त्यांचा प्रश्न योग्यच होता. आपल्याकडे गोधडी ही विकत घ्यायची वस्तू कधी नव्हतीच. ती घरात शिवली जायची, लेकीच्या बाळंतपणात द्यायची, पाहुणा आला की पेटीतून काढायची. जिला बाजारभावच नाही, अशी वस्तू घेऊन आम्ही बाजारात उतरलो.

बुलडाण्यात प्रदर्शन लागतं तेव्हा काम सोपं असतं. बाई येते, गोधडी हातात घेते, उलटी करते, मागचे टाके बघते, अंगाला लावून बघते. मग भाव करते, पण तोवर तिला काय ते कळलेलं असतं. मोबाइलवर यातलं काहीच होत नाही. तिथे पाच फोटो आणि दहा ओळी, एवढंच. म्हणून फोटोवर आम्ही फार वेळ घालवतो. गच्चीवर सकाळी नऊच्या आत फोटो काढायचा, कारण दुपारच्या उन्हात रंग पांढुरके होतात आणि ट्यूबलाइटखाली पिवळा हिरवट दिसतो. पहिला फोटो बाजेवर अंथरलेल्या गोधडीचा, म्हणजे आकार डोळ्यांना कळतो. दुसरा उलट्या बाजूचा. तिसरा धावदोऱ्याचा, जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. चौथा घडीचा. आणि पाचवा, जिथे रंग उडालाय किंवा ठिगळ आहे, त्या जागेचा. या पाचव्यावरून आमच्यात पुष्कळ वाद झाला. डाग दाखवला तर गिऱ्हाईक पळेल, असं दोघी-तिघींचं म्हणणं होतं. काही पळतातही. पण वस्तू घरी गेल्यावर परत येण्यापेक्षा गिऱ्हाइकानं आधीच पळालेलं परवडतं.

दहा ओळींत काय लिहायचं? 'वापरलेल्या, धुतलेल्या सुती साड्यांची' हे पहिल्याच ओळीत. पुण्याच्या एका बाईंनी फोन करून विचारलं, 'कोणाच्या साड्या?' मी सांगितलं, गावातून गोळा केलेल्या, दोनदा गरम पाण्यात धुतलेल्या. त्या म्हणाल्या, परक्याचं वापरलेलं कापड आमच्याकडे चालत नाही. मी म्हटलं, ठीक आहे. राग यायचं कारणच नाही. पण हीच गोष्ट पार्सल फोडल्यावर त्यांना कळली असती, तर गोधडी मलकापूरहून घाट चढून परत आली असती आणि दोन्हीकडचं भाडं आमच्या अंगावर पडलं असतं.

भाड्याचं निघालंच आहे, तर एक हिशेब सांगते. इथल्या कॉलेजच्या पोरांना येत असेल, पण आम्हाला तो कुरिअरच्या पावतीवर भेटला. कुरिअरवाले नुसतं वजन धरत नाहीत, जागाही धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. येईल ते 'किलो'. यातलं आणि काट्यावरचं, जे जास्त असेल त्याचे पैसे. आमची सिंगल गोधडी काट्यावर 2.4 किलो. सैल घडी घालून 45 बाय 35 बाय 22 च्या खोक्यात ठेवली तर हिशेबाने जवळजवळ 7 किलो होते! तीच घट्ट गुंडाळून, सुतळीनं आवळून 40 बाय 30 बाय 12 मध्ये बसवली की 2.88. तळमजल्यावरच्या काकूंनी पार्सल बांधताना त्यावर बसायचं ठरवलं आणि आमचा निम्मा खर्च वाचला. काकू, हसू नका, हे खरं आहे.

आता किमतीचं. यावर मला जास्त बोलायचंय.

60 बाय 90 इंचांची दाट टाक्यांची गोधडी एका बाईला साधारण 45 तास घेते. हे आम्ही वहीत लिहून काढलं. वही आपल्या सोसायटीच्या जुन्या खजिनदारकाकांनी आखून दिली. सोसायटीची कीर्द ज्या पद्धतीनं ठेवतात तशीच: तारीख, नाव, किती वाजता सुई हातात घेतली, किती वाजता ठेवली. तासाला 40 रुपये धरले. आठ तासांचे 320 होतात. निंदणीच्या रोजाच्या खाली जायचं नाही, हे पाचही जणींनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. म्हणजे मजुरी 1800. अस्तर आणि दोरा 450. पॅकिंग 60. कुरिअर 220. झाले 2530. गोधडी 3200 ला विकली आणि वेबसाइटनं सगळं मिळून पंधरा टक्के कापले, तर 480 गेले. उरले 190. त्यात मोबाइलचं रिचार्ज, फोटो, आणि वर्षातून ज्या दोन-चार परत येतात त्यांचा तोटा.

लोक म्हणतात, 3200 फार होतात, तिथेच बाजूला 699 ला गोधडी दिसते. दिसते ना. मशीनवर शिवलेली, नवं छापील कापड. ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही, स्वस्तात ऊब मिळते. पण आमची किंमत तिच्याकडे बघून ठरवली, तर कमी काय करणार? कुरिअरवाला कमी करत नाही, वेबसाइट करत नाही, दोरेवाला करत नाही. कमी होतो तो फक्त सुई धरणारीचा तास. आमच्या वहीत मजुरीचा आकडा सगळ्यात वर लिहितो, बाकीचे त्याच्याखाली.

तीन वर्षांपूर्वी याची परीक्षाच झाली. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं शंभर गोधड्या मागितल्या, 1400 रुपये भावानं. शंभर! आमच्या खोलीत त्या दिवशी चहा थंड झाला. वरच्या हिशेबानं मजुरीच 1800 आहे. दोघी म्हणाल्या, मशीनवर शिवू, लांबून कोणाला कळतंय. मी नको म्हटलं. तेव्हा येळगावच्या ताई म्हणाल्या, 'तुमचं तत्त्व तुमच्यापाशी राहू द्या, माझ्या पोरीची फी सप्टेंबरात भरायची आहे.' यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं आणि आजही नाही. घरात नोकरीचा पगार येत असताना तत्त्व सांभाळणं सोपं असतं, हे मला कळतं. शेवटी त्या व्यापाऱ्याला आम्ही मशीनवरच्या कापडी पिशव्या दिल्या, गोधड्या दिल्या नाहीत. पिशव्यांच्या पैशांत फी भरली गेली. पण दोघींपैकी एक जण गट सोडून गेली, आणि तिचे टाके आमच्यात सगळ्यात बारीक होते.

बचत गटाच्या मेळाव्यात सगळे लिज्जत पापडाचं उदाहरण देतात. 15 मार्च 1959, गिरगावातल्या इमारतीची गच्ची, सात बायका, 80 रुपये उसने. गच्ची आपल्यालाही आहे, म्हणून मलाही ते उदाहरण आवडतं. पण पापड दुकानात जातो, लोक एक तळून बघतात, दुसऱ्या दिवशी परत मागतात. गोधडी एकदा घेतली की पुढची वीस वर्षं ते गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून आम्हाला दरवेळी नवीन माणूस शोधावा लागतो, आणि तो जुन्या माणसाच्या सांगण्यावरूनच येतो. प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात आम्ही शिवणारीचं नाव आणि गाव दोऱ्यानं काढतो. जून 2025 मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, त्यावर केवढा गदारोळ झाला ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं. कोल्हापुरीला जीआय मानांकन आहे, म्हणून निदान बोलता तरी आलं. आमच्या गोधडीला कोपऱ्यातल्या नावाशिवाय दुसरा दाखला नाही.

वर्षाचं गणितही विचित्र आहे. मागणी येते गणपतीपासून संक्रांतीपर्यंत. नेमकी तेव्हाच सोयाबीनची सोंगणी असते, ती संपते न संपते तोच कपाशीची वेचणी. सागवान-येळगावच्या बायका शेतात जाणार, जायलाच हव्यात. शिवायला मोकळा वेळ मिळतो उन्हाळ्यात. पण उन्हाळ्यात धुवायला पाणी नाही. येळगाव धरण खाली गेलं की आपल्याकडे नळ किती दिवसांनी येतो, हे या मांडवात कोणाला सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी टाकीवरून इथे थोडी कुरकुरही झाली होती, आणि ती रास्त होती. तेव्हा कमिटीनं मार्ग काढला. साड्या पौष-माघात धुवायच्या, शेवटचं खळबळलेलं पाणी कंपाउंडच्या झाडांना घालायचं. तेव्हापासून वाळलेल्या साड्या कडुलिंबाच्या पाल्यात बांधून ठेवतो आणि उन्हाळ्यात शिवतो. आता अडचण पैशांची. मजुरी मे महिन्यात द्यायची आणि विक्री ऑक्टोबरात. निम्मी मजुरी शिवून झाल्यावर, निम्मी विकल्यावर, असं ठरवलंय. पण ती पहिली निम्मीसुद्धा कुठून तरी आणावी लागते. आपल्या भिशीतल्या सात जणींनी लागोपाठ दोन हप्ते आमच्यासाठी सोडले, त्याचा उल्लेख मला इथे करायलाच हवा.

आमचं सगळ्यात चांगलं काम आता वेगळंच आहे. लोक स्वतःच्या घरातल्या साड्या पाठवतात. नागपूरच्या एका ताईंनी त्यांच्या वारलेल्या आईच्या पाच साड्या पाठवल्या. कुरिअरच्या मोबाइलवर 'पोहोचलं' असं आलं आणि आमच्याकडे काहीच नाही. रोज रात्री नऊला त्यांचा फोन. तक्रारीच्या फॉर्ममध्ये रकाना होता: मालाची किंमत. ताईंनी पाठवताना 500 लिहिले होते. मी विचारलं, आता किती लिहू? त्या काही बोलल्याच नाहीत. अकराव्या दिवशी ते खोकं भलत्याच गावाच्या गोदामात सापडलं, साड्या जशाच्या तशा. मी फोन केला तर पलीकडून नुसतं रडणं. तेव्हापासून आम्ही सांगतो: सगळ्या साड्या पाठवू नका, एक घरी ठेवा. पाठवण्याआधी प्रत्येकीचा फोटो काढा. आम्ही खोकं उघडताना मोबाइलवर चित्रण करतो आणि उरलेल्या चिंध्यासुद्धा परत पाठवतो. जमेल त्यांनी स्वतः आणून द्यावं, हेही सांगतो. त्या नागपूरच्या ताई गोधडी न्यायला बसनं आल्या होत्या.

कायद्याचं थोडक्यात. पूर्वी अशा वेबसाइटवर विकायचं तर उलाढाल कितीही छोटी असो, जीएसटी नोंदणी लागायची. 1 ऑक्टोबर 2023 पासून मर्यादेच्या आतल्या छोट्या विक्रेत्याला आपल्याच राज्यात माल विकायचा असेल तर पॅनवर घेतलेला नोंदणी क्रमांक पुरतो. राज्याबाहेर विकायचं असेल तर आपल्या सीएंना विचारा, व्हॉट्सॲपवरच्या मेसेजवर जाऊ नका. हातशिलाईच्या गोधडीला आम्ही 'माल मिळाल्यावर पैसे' ठेवत नाही, निम्मे आधी घेतो. दार न उघडणारी गिऱ्हाइकं फार असतात.

आणि ज्येष्ठांनी हे लक्षात ठेवा. एका माणसानं 'मी फौजेत आहे' म्हणून वीस गोधड्या मागितल्या, ॲडव्हान्स पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. आमच्या वहिनींनी फोनच ठेवून दिला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो द्यायला. कोणी फसलंच तर लगेच 1930 वर फोन करा.

तर, या उन्हाळ्यात शिवलेल्या बत्तीस गोधड्या आमच्या वरच्या खोलीत आहेत. जेवण झाल्यावर बघायला या. हातात घ्या, उलट्या करा, टाके मोजा, कोपऱ्यातलं नाव वाचा. सोसायटीला भावात सवलत नाही, हे आत्ताच सांगते. कुरिअरचे 220 मात्र पडणार नाहीत.